सिल्वासाचे स्टेशन-सर

दर रविवारी सकाळी स्टेशन-सर इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत वही मारून वापी स्टेशनला जात आणि कुठल्याही गाडीत न बसता दुपारी जेवायला परत येत. कोणाला सोडायला नाही की कोणाला आणायला नाही. फलाटाचे तिकीट काढायचे, तीन-चार तास फलाटावर घालवायचे आणि पुन्हा सिल्वासाच्या बसमध्ये बसायचे. त्यांच्या शेजारच्या काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात कानात सांगितले होते, "बाई, माणूस देवासारखा आहे. फक्त रविवारी थोडा बिघडतो."

सर आमच्या शाळेत इतिहास शिकवत. आडनाव पाटील, गाव अमळनेर, बायको लवकर गेलेली, एकुलती एक मुलगी अमळनेरलाच त्यांच्या बहिणीकडे वाढत होती. पण सिल्वासात पाटील म्हटले तर कोणाला पत्ता लागला नसता. शाळेच्या शिपायापासून मामलतदार कचेरीतल्या कारकुनापर्यंत सगळे त्यांना स्टेशन-सर म्हणत. गंमत म्हणजे सिल्वासाला स्टेशनच नाही. गाडीने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वापी गाठावी लागते. कोणी हे बोलून दाखवले की सर शांतपणे म्हणत, "आहे की. जरा लांब बांधलंय, एवढंच."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी चिपळूणकडून या शाळेत मराठी शिकवायला आले. नव्या माणसाला लोक गाव विचारतात, घर मिळाले का विचारतात. सरांनी शिक्षकांच्या खोलीत मला विचारले, "वापीला उतरलात ना? मग ते जुनं लाकडी बाक पाहिलंत का?"

"नाही हो सर. मी बस शोधत होते."

"अरेरे," सर म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटले होते. "म्हणजे पुन्हा जावं लागणार तुम्हाला."

पुढच्या रविवारी मी गेलेही. एकटीने कसे जायचे म्हणून शेजारच्या काकूंना सोबत घेतले. काकूंनी बाकावर बसल्या बसल्या वालाच्या शेंगा सोलल्या आणि मी सरांचे काम पाहिले. ते वापी स्टेशनचा इतिहास लिहीत होते. पुस्तकांतून नव्हे, माणसांकडून. एका म्हाताऱ्या हमालाला त्यांनी चहा पाजला आणि विचारले, "तुमचे वडील कोणतं ओझं उचलायचे?" म्हातारा सुरू झाला. नगर हवेलीच्या जंगलातून बैलगाड्यांनी यायचे ते सागाचे ओंडके. मुंबईच्या तबेल्यांसाठी जाणाऱ्या गवताच्या गासड्या, त्या उचलल्या की आठवडाभर अंगाला सुटणारी खाज. मुक्तीच्या आधी सिल्वासात पोर्तुगिजांचे राज्य होते, तेव्हा गाडी पकडायला निघालेल्या माणसाला आधी नाक्यावर बोचके सोडून दाखवावे लागायचे. एका नवरदेवाचा फेटासुद्धा सोडून बघितला म्हणे, आणि तो पुन्हा बांधेपर्यंत गाडी निघून गेली. सर मान खाली घालून भराभर लिहीत होते. चहावाला आपल्या बापाचेही लिहा म्हणून गुजरातीत मधूनच ओरडत होता, "लखो साहेब, लखो! मारा बापानुं पण लखो!"

खोटे त्यांना खपत नसे, पण भांडणही खपत नसे. फलाटावरचा पहिला पाण्याचा नळ कुठे होता यावरून एकदा दोन म्हाताऱ्यांची जुंपली. एक म्हणे बुकिंग ऑफिसपाशी, दुसरा म्हणे पार त्या टोकाला. प्रकरण काठ्या उगारण्यापर्यंत आले. सरांनी दोन्ही जागा लिहून घेतल्या आणि खाली टीप टाकली : 'दोन साक्षीदार, दोन नळ. दोघांनाही त्या नळाचे पाणी गोड लागत असे, याबद्दल वाद नाही.' दोघे म्हातारे खूश होऊन एकाच बाकावर बसले.

शाळेतली सहल हा त्यांच्या चेष्टेचा हक्काचा विषय. इतर शिक्षक मुलांना नाशिकला नेत, मुंबई दाखवत. सरांची सहल वापी स्टेशनला जाऊन परत येत असे. नगर हवेलीच्या आतल्या दुधनीकडून वसतिगृहात राहायला आलेल्या मुलांनी आगगाडी पाहिलेली नव्हती. सर त्यांना फलाटावर भिंतीला पाठ लावून ओळीने बसवत आणि न थांबणारी गाडी यायच्या आधी सांगत, "घाबरायचं तर घाबरा, पण डोळे मिटू नका." गाडी धडधडत गेली की मुले आधी गप्प होत आणि मग सगळी एकदम बोलू लागत. एकदा एका मुलीने विचारले, "सर, आतली माणसं आपल्याला वळखत न्हाईत, तरी हात का करतात?" सरांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "हे मला माहीत नाही. तू शोध आणि मला सांग." परीक्षेत येणार नाही अशा प्रश्नावर इतका विचार करणारा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही.

मी मात्र त्यांना छळत असे. "सर, एवढं लिहून उपयोग काय? हे छापणार कोण, वाचणार कोण?"

"राजांचा इतिहास लिहायला राजांनी माणसं ठेवली होती, बाई. हमालांना ते परवडलं नाही. म्हणून मी फुकट करतो."

उत्तर बिनतोड होते, पण माझे समाधान झाले नव्हते. खरे तर सरांचेही झाले नसावे, हे पुढे कळले.

मी आल्यावर तीन-चार वर्षांनी मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात व्याख्यानाला ठरलेला वक्ता आला नाही. कार्यकर्त्यांनी ऐन वेळी सरांना उभे केले. संध्याकाळची आरती झाली होती, प्रसाद अजून वाटायचा होता, त्यामुळे हॉल भरलेला होता. पुढे आम्ही शिक्षक, कचेरीतले लोक. मागे कारखान्यांतले कामगार, बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे. सरांनी वही उघडली आणि वापी स्टेशनचा इतिहास वाचायला सुरुवात केली. रॉकेलचे कंदील, ओंडके, गवत, नाका, नवरदेवाचा फेटा. लोक हसले, रमले. मुक्ती झाली, नाका उठला, तिथे सरांनी वही मिटली आणि म्हणाले, "असा हा आपल्या स्टेशनचा इतिहास."

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर मागून एक जण उभा राहिला. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हातात जेवणाचा डबा. पाळीवरून थेट आलेला. नाव भटू, हे मला नंतर कळले. तो म्हणाला, "सर, आमी बी तठेच उतरनूत. आमनं नाव कोठे शे?"

पुढच्या रांगेतले काही जण हसले. कोणीतरी "बस खाली" म्हणाले. भटू बसला नाही. रागावलेलाही नव्हता. त्याला खरेच उत्तर हवे होते.

सरांनी वही टेबलावर ठेवली. इतकी वर्षे आम्ही त्यांची भाषा ऐकत होतो. ती पुस्तकासारखी स्वच्छ होती, 'आहे'च्या जागी दुसरे काही कधी आले नव्हते. त्या दिवशी ते व्यासपीठाच्या कडेपर्यंत आले आणि म्हणाले, "तुनं खरं शे, भाऊ. मना इतिहास अर्धाच शे."

हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात जो गलका उठला तो मला अजून ऐकू येतो. सर आपल्याकडचे आहेत, अहिराणी बोलतात, हे त्या माणसांना माहीतच नव्हते. अमळनेर माहीत असूनही त्यांची अहिराणी आम्हीही कधी ऐकली नव्हती. नंतर मी विचारले तेव्हा सर ओशाळून म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा एका साहेबानं माझ्या बोलण्याची नक्कल केली होती. तेव्हापासून घरचं बोलणं घरीच ठेवलं होतं. आज त्यानं विचारलं आणि ते आपोआप बाहेर आलं बघा."

पुढच्या रविवारपासून नवी वही निघाली. आता सर हमालांकडे कमी आणि गाडीतून उतरणाऱ्यांकडे जास्त बघू लागले. भटू त्यांचा मदतनीस झाला. सुरतेकडून येणारी पॅसेंजर लागली की तो माणसे हेरी. नव्याने कामाला आलेला माणूस ओळखायला त्याला एक नजर पुरे. "उतरून आधी पाटी वाचतो तो नवा," तो मला म्हणाला होता. सर अशा माणसाला बाजूला घेत, पाणी देत आणि तीन गोष्टी विचारत : काय घेऊन आलात, उतरल्यावर पहिलं कोणाशी बोललात आणि आता कुठे निघालात. लोक आधी बिचकत. कोणाला वाटे पोलीस आहे, कोणाला वाटे कारखान्याचा माणूस. एकाने तर घाबरून आपली पिशवीच सरांच्या हातात दिली. पण भटू दोन शब्द बोलला की ते सैल होत.

मग उलटेच झाले. जुने कामगार सरांच्या घरी येऊ लागले. "सर, मनं उतरनं लिखी ल्या." सुटीच्या दिवशी दारात चपलांचा ढीग. शेजारच्या काकू कुरकुरत सगळ्यांना चहा करीत. एकाने सांगितले, तो उतरला तेव्हा त्याच्याजवळ फक्त एक कोंबडी होती. साहेबाला द्यायला आणलेली, ती फलाटावरच निसटली. दुसरा झोपेत दोन स्टेशने पुढे गेला होता आणि तिथून रुळांच्या कडेने चालत परत आला होता. हे तो इतक्या अभिमानाने सांगे, की सरांनी त्याला दोन पाने दिली.

आणि एक दिवस, मी विचारत असलेल्या 'उपयोग काय'चे उत्तर चालत दारात आले. साक्री तालुक्यातली एक बाई, साठीच्या आसपासची, डोक्यावरून पदर, हातात मुलाचा फोटो. मुलगा सुपडू, दोन वर्षांपूर्वी सिल्वासाला कामाला आलेला. पहिले काही महिने पत्रे आली, मग बंद. ती एकटी गाडीने आली होती आणि फोटो दाखवत दोन दिवस कारखान्यांच्या फाटकांवरून फिरली होती. कोणीतरी तिला सरांकडे पाठवले.

सरांनी वह्या काढल्या. मी एक घेतली, भटूने एक घेतली; भटूला वाचायला वेळ लागे, पण तो ओळीवर बोट ठेवून नेटाने वाची. सापडले ते सरांनाच. ते मोठ्याने वाचू लागले : "सुपडू. सोबत पत्र्याची पेटी, एक चादर, आईने दिलेली लोणच्याची बरणी. बरणी नंदुरबारच्या पुढे फुटली. सगळ्या डब्याने लोणचे खाल्ले. पहिले बोलणे टेम्पोवाल्याशी. गलोंड्याला निघाला."

बाईने तोंडावर हात ठेवला. "बरनी फुटनी? आनि मले लिखं, लोनचं भलतं ग्वाड लागनं म्हनी!" ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतले.

त्याच दुपारी आम्ही जीपने सिल्वासाजवळच्या कारखान्यांच्या गावी, गलोंड्याला गेलो. तिसऱ्या चाळीत सुपडू सापडला. आईला बघून तो उभा राहिला, पण उजवा हात पाठीमागेच. आई पुढे झाली आणि तिने तो हात धरून समोर आणला. दोन बोटे नव्हती. यंत्रात गेली होती. मालकाने त्याला फाटकावर बसवले होते, पगार चालू होता, पण सुपडूला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शिवाय त्या हाताने लिहिता येईना, आणि दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यावे तर आईला संशय येईल ही भीती.

आईने तो हात दोन्ही हातांत धरून नीट पाहिला. मग म्हणाली, "दोन बोटं गयात. हात तं शे ना? तू तं शे ना?" आणि त्याच्या डोक्यात एक हलकीशी चापट मारली. "मी दोन वरीस देवले कायकाय बोलनू, तुले ठाऊक शे का?"

सर बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. मी पाहिले तर चष्मा पुसत होते. मला बघून म्हणाले, "बाई, मराठी तुमच्याकडे आहे. याला डाव्या हातानं लिहायला शिकवा." मी शिकवले. सुपडू दर रविवारी येई, माझ्यासमोर बसून पहिलीतल्या मुलासारखा 'ग'चा काना खोडी आणि पुन्हा काढी. तीन महिन्यांनी त्याने आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. पाच ओळी, त्यांत सात चुका. सरांनी एकही सुधारू दिली नाही. म्हणाले, "चुका बघूनच ओळखेल ती, की हे त्याचंच आहे." त्यानंतर मी उपयोगाचा प्रश्न कधी काढला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सर निवृत्त झाले. मुलीचे लग्न ठरले होते, बहीण थकली होती. अमळनेरला परतायचे ठरले. निरोप द्यायला आम्ही पंचवीस-तीस जण वापीला गेलो. सरांना एवढी माणसे बघून संकोच झाला होता. सारखे म्हणत होते, "अहो, फलाटाची तिकिटं काढलीत ना सगळ्यांनी?" गाडीला वेळ होता. तेव्हा भटू म्हणाला, "सर, आख्खा सिल्वासानं लिखं. तुमनं उतरनं कोनी लिखं?"

ते कोणीच लिहिले नव्हते. मी पिशवीतून कागद काढला. सर नको नको म्हणाले, पण सगळे घेरून उभे राहिले.

"काय सांगू? उलट्या बाजूनं उतरलो," सर म्हणाले. "फलाट सोडून रुळांच्या बाजूला. एका हमालानं बखोट धरून वर ओढलं आणि अशी शिवी दिली की मला गुजराती येत नसूनही कळली." सगळे खो खो हसले. "भलताच घाबरलो. वाटलं, हे आपलं काम नव्हे. नेमणुकीचा हुकूम खिशात तसाच ठेवून परतीच्या गाडीची वाट बघत बसलो. शेजारी एक वारली बाई ताडगोळे घेऊन बसली होती. तिनं विचारलं, कुठं चाललास? म्हटलं, घरी. ती म्हणाली, आधी खा, मंग जा. तिनं सोलून दिले, मी खात गेलो. असे ताडगोळे मी जन्मात खाल्ले नव्हते. किती खाल्ले देव जाणे. मान वर केली तर गाडी निघालेली."

"मग?" मी विचारले.

"मग काय. गाडी चुकली म्हणून तुमच्याकडे राहिलो."

तेवढ्यात त्यांची गाडी आली. भटूने आणि सुपडूने सामान चढवले. सर दारात उभे राहिले. गाडी हलली. नेहमी फलाटावरून गाड्यांकडे बघणारा हा माणूस आता गाडीतून आमच्याकडे बघत होता, आणि आम्ही सगळे, काकूंसकट, वेड्यासारखे हात करत होतो.

पुढे तीन-चार वर्षे त्यांची पोस्टकार्डे येत. त्यांत गुडघ्यांची तक्रार, नातवाचे कौतुक आणि शेवटी ठरलेली चौकशी : नवे कोण आले? मग एका हिवाळ्यात मुलीचे पत्र आले. सर झोपेतच गेले होते. वह्या त्यांनी जातानाच माझ्या हवाली केल्या होत्या. छापायला कोणी घेतल्या नाहीत. एका प्रकाशकाने विचारले, यात कोणी प्रसिद्ध माणूस आहे का? मी नाही म्हणाले आणि वह्या घेऊन परत आले. त्या मी शाळेच्या ग्रंथालयातल्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली माझ्याकडे ठेवली.

परवा नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिचे वडील गलोंड्याला कामाला, ती जन्मापासून सिल्वासातच, बोलण्यात मराठी, हिंदी, गुजराती सगळे मिसळलेले. "बाई, पप्पा बोलते हैं, त्यांचं नाव तुमच्या कोणत्यातरी वहीत आहे. खरंच छे के?" मी वर्ष विचारले, पान काढून दिले. हस्ताक्षर तिला लागेना, तरी तिने मला वाचू दिले नाही. एकेक अक्षर लावत ती वाचत होती : 'सोबत काही नाही. पायात चपला नाहीत. पहिले बोलणे कोणाशीच नाही. तहान लागली होती, पण नळ कोणाचा हे कोणाला विचारावे ते कळेना.'

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "हे पप्पांनी मला कधीच नाही सांगितलं."

मग तिने दप्तरातून कोरा कागद काढला, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर जागा केली आणि ते पान उतरवून घ्यायला बसली. शाळेची घंटा होऊन गेली, मुले पांगली. मी किल्ली हातात धरून तिचे लिहिणे संपेपर्यंत थांबले.